उन्हाळ्यातलं रान वाळलेलं नसतं, कामात असतं

आज आपण एका प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. आम्हा रायपूरच्या मराठी घरांना तो दर वर्षी ऐकावा लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून, नाशिकहून पाहुणे येतात आणि विचारतात, "इथे एवढ्या उन्हात बघण्यासारखं काय आहे? सगळं तर वाळून गेलंय." त्यांचं चुकत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्याला निसर्ग म्हणजे पाऊस, धुकं, धबधबे आणि सप्टेंबरातली कासची फुलं. त्या हिशेबाने रायपूरचा मे म्हणजे ४२ अंशांच्या पुढे गेलेला पारा आणि पानं नसलेली झाडं.

पण मी गेली काही वर्षं मार्च ते जून या काळात जाड टायरची सायकल घेऊन इथल्या रानाच्या कडेने फिरते. त्या फिरण्यातून मला जे समजलं ते एका वाक्यात सांगायचं तर असं: उन्हाळ्यातलं हे रान वाळलेलं नसतं, ते कामात असतं. फुलं, फळं, बिया, घरटी, पिल्लं, शिवाय माणसांची वर्षाची कमाई, हे सगळं याच तीन-चार महिन्यांत उरकायचं असतं. आपण तिथे जातो तेव्हा चालू कामाच्या जागी जातो. हे लक्षात ठेवलं की काय बघायचं ते कळतं आणि कसं वागायचं तेही कळतं.

हे रान कुठलं?

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. रायपूर हे महानदीच्या खोऱ्यातलं सपाट, भाताचं गाव. पूर्वेला राष्ट्रीय महामार्ग ५३ ने निघालात की आरंग लागतं, मग महानदीचा पूल, आणि पुढे महामार्ग सोडून डावीकडे वळलात की सिरपूर. रायपूरपासून साधारण ८० किलोमीटर. सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर तिथे आहे, त्यामुळे इतिहासाची आवड असणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेल. सिरपूरच्या पुढे जमीन हळूहळू उंचसखल होत जाते आणि बारनवापाराचं रान सुरू होतं. बार आणि नवापारा या दोन वनगावांवरून हे नाव पडलं. १९७६ साली ते अभयारण्य झालं. क्षेत्रफळ सुमारे २४५ चौरस किलोमीटर.

इथे सह्याद्रीसारखे कडे नाहीत. लहान टेकड्या आहेत, मुरमाचे रस्ते आहेत, गावागावांना जोडणाऱ्या बैलगाडीच्या वाटा आहेत आणि मधूनमधून कोरडे ओढे. त्यांना इथे 'नरवा' म्हणतात. रान पानझडी आहे: साग, ऐन, साल, बांबू, मोह, तेंदू, चार. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या श्रोत्यांना ही यादी अगदी घरची वाटेल, कारण रान तेच आहे, मध्ये फक्त राज्याची सीमा आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. मी सायकल चालवते ती अभयारण्याच्या बाहेरच्या गावरस्त्यांवर. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते आणि तिथलं फिरणं ठरलेल्या गाड्यांतून, वाटाड्याबरोबर होतं. पावसाळ्यात ते बंदच असतं. सायकल आत नेता येईल असं कुणी गृहीत धरू नये. तशी गरजही नाही. आज मी जे सांगणार आहे त्यातलं बहुतेक सगळं बाहेरच्या रस्त्यांवर दिसतं.

पाणी नाही तर फुलं कशी?

आता मुख्य कोडं. जमीन भेगाळलेली, झाडाला पान नाही, आणि त्याच वेळी पळस लालभडक होतो, बहावा सोन्यासारखा लोंबतो. हे झाडांना परवडतं कसं?

पहिलं कारण पाण्याच्या हिशेबाचं. झाडाचं पाणी सर्वात जास्त खर्च होतं ते पानांतून. पानं झडली की तो खर्च थांबतो. मुळं खोलवरून जे थोडंफार पाणी ओढतात ते आता खोडात आणि फांद्यांत साठू लागतं. पानगळीनंतर काही दिवसांनी फांदी पुन्हा पाण्याने भरते आणि त्या साठ्यावर कळ्या उमलतात. म्हणजे बाहेरून झाड मेल्यासारखं दिसतं तेव्हा आत त्याची शिल्लक वाढत असते.

दुसरं कारण जाहिरातीचं. पानं नसलेल्या फांदीवरचं फूल लांबून दिसतं. पक्ष्याला, माशीला, वटवाघळाला तिथे पोचायला अडथळा नसतो.

तिसरं कारण वेळापत्रकाचं, आणि मला ते सर्वात महत्त्वाचं वाटतं. रायपूरकडे मोसमी पाऊस जूनच्या मध्याला येतो. मार्च-एप्रिलमध्ये फुललेल्या कितीतरी झाडांचं बी नेमकं त्याच सुमाराला तयार होतं. सालाचं उदाहरण घ्या. त्याच्या फळाला पंख असतात, वाऱ्यावर फिरकीसारखं फिरत ते जूनमध्ये खाली येतं. या बीची उगवण्याची ताकद फार थोडे दिवस टिकते, जेमतेम आठवडा-दहा दिवस. तेवढ्यात ओल मिळाली तर ठीक, नाहीतर ते बी वाया. म्हणजे सालाला पावसाची तारीख आधी धरून उलटा हिशेब करत मार्च-एप्रिलमध्ये फुलावं लागतं. उन्हाळ्यात फुलणं ही त्याची हौस नाही, गरज आहे.

आणखी एक नवल. या रानातली बरीच झाडं पावसाची वाट न पाहता भर उन्हातच नवी पालवी काढतात. मार्चमध्ये कुसुमाचं झाड, आपल्याकडे त्याला कोशिंब म्हणतात, लांबून पाहिलं तर फुललंय असं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की ती फुलं नाहीत, लालचुटूक कोवळी पानं आहेत. कोवळी पानं म्हणजे अळ्या, अळ्या म्हणजे पक्ष्यांच्या पिल्लांचं खाणं. इथून पुढची सगळी साखळी सुरू होते.

मोह: रात्रपाळीचं झाड

या रानातलं एकच झाड बघायचं असेल तर मोह बघा. आणि तो बघायला पहाटेच जावं लागतं.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये येतात. फिकट पिवळसर, मांसल, साखरेने भरलेली. ती रात्री उमलतात. रात्री वटवाघळं येतात, फुलाचा गोड मांसल भाग खातात आणि त्यातच परागकण एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. मग रात्र संपायच्या सुमाराला फुलं गळू लागतात. पहाटे झाडाखाली उभं राहिलं तर पावसाचे टपोरे थेंब पडावेत तसा टप टप आवाज येतो. वास इतका दाट असतो की झाड दिसायच्या आधी सायकलवर तो नाकाला लागतो.

त्या फुलांवर हक्क सांगणारे बरेच. चितळं येतात, वानरं वरून खातात आणि निम्मी खाली सांडतात, रानडुकरं येतात, आणि अस्वल येतं. उजाडता उजाडता टोपल्या घेऊन गावातल्या बायका येतात. वेचलेली फुलं अंगणात वाळवतात, ती वर्षभर विकता येतात, खाताही येतात. पुढे मे-जूनमध्ये मोहाला फळं येतात, त्यांच्या बियांना इथे 'टोरी' म्हणतात आणि त्यांचं तेल निघतं. एकाच झाडाने एका घराला दोनदा उत्पन्न द्यावं, म्हणून शेत नांगरताना मोहाचं झाड सहसा कुणी तोडत नाही. बांधावरचे मोठाले मोह तुम्हाला विदर्भातही दिसतील.

झाडाखाली उभे असाल तेव्हा मान वर करा. जुन्या मोहाच्या खरबरीत खोडावर हिरव्या पट्ट्यांसारखी पानं आणि हवेत लोंबणारी जाड मुळं दिसली तर ते वांडा नावाचं ऑर्किड असू शकतं. उन्हाळ्यात त्याला तपकिरी जाळीदार पाकळ्यांची फुलं येतात. पुष्कळ लोक त्याला बांडगूळ समजून काढून टाकतात. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. हे ऑर्किड फक्त झाडावर बसतं, पाणी हवेतून आणि सालीवरच्या ओलाव्यातून घेतं. झाडाचं काही बिघडवत नाही.

कोण कुणासाठी फुलतं

आता महिन्यांप्रमाणे जाऊ. नुसती नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक फुलाजवळ 'याच्याकडे कोण येतं' हा प्रश्न विचारा. मग फुलाचा आकार आणि रंग आपोआप कळू लागतो.

फेब्रुवारीअखेर ते मार्च हा पळस आणि काटेसावरीचा काळ. दोन्ही लाल, मोठी, भरपूर मध असलेली, आणि वास जवळजवळ नसलेली. कारण गिऱ्हाईक पक्षी आहेत आणि पक्षी वासावर येत नाहीत, रंगावर येतात. पळसावर शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी, मैना, बुलबुल दिसतील, आणि पाठीवर पट्टे असलेली खारही मध प्यायला आलेली दिसेल. त्याच दिवसांत टेकडीच्या उतारावर धायटीची झुडपं लाल नळीसारख्या फुलांनी भरतात. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं आंबवताना वापरतात ती धातकी हीच.

एप्रिल-मे बहाव्याचा. हिंदीत अमलतास. याच्याकडे येतो मोठा काळा भुंगा. तो फुलाला मिठी मारून जोरात थरथरतो. बहाव्याच्या काही पुंकेसरांतला पराग बारीक छिद्रातून बाहेर पडतो, तो नुसत्या स्पर्शाने निघत नाही, हलवावा लागतो. झाडाखाली शांत उभं राहिलात तर भुंग्याचा आवाज उडताना वेगळा आणि फुलावर बसल्यावर वेगळा ऐकू येतो. बसल्यावरचा तो चढा सूर म्हणजे पराग झाडण्याचं काम चालू आहे.

मेमध्ये कुडा फुलतो, पांढरा, मंद वासाचा. चार पिकते, म्हणजे ज्याच्या बियांना आपण चारोळी म्हणतो ते फळ. तेंदूची पिवळी फळं पिकतात. आणि रस्त्याच्या अगदी कडेला, चाकाच्या पातळीवर, भुईरिंगणीची जांभळी फुलं जमिनीला चिकटून काट्यांत बसलेली असतात. शेजारी पिवळा धोतरा असतो. तो मूळचा मेक्सिकोकडचा, आपल्याकडे येऊन इतका रुळलाय की परका वाटत नाही. पडीक, उखडलेल्या जमिनीवर तो आधी पोचतो. जिथे पिवळा धोतरा दाट आहे तिथे जमीन नुकतीच खणली-उकरली गेली असणार, एवढं ओळखायला हरकत नाही.

सायकल का, आणि सायकलचा धोका काय

हे सगळं बघायला सायकल उत्तम. चालण्यापेक्षा अंतर जास्त कापता येतं, मोटारीपेक्षा हळू जाता येतं, वास आणि आवाज पोचतात, वाटेल तिथे पाय टेकून थांबता येतं. मुरमावर जाड टायर लागतात, हवा थोडी कमी ठेवायची म्हणजे पकड राहते. बोरीचे आणि खैराचे काटे भरपूर, तेव्हा पंक्चरचं सामान हवंच.

पण सायकलचा एक दोष आहे आणि तो तिच्या गुणातूनच येतो. सायकल एकाच वेळी वेगवान आणि मूक असते. माणूस चालत येतो तेव्हा पाचोळा वाजतो, वेग कमी असतो, जनावराला बाजूला व्हायला वेळ मिळतो. मोटार येते तेव्हा आवाज लांबून येतो. सायकल मात्र उतारावरून वळण घेऊन थेट समोर उभी राहते.

जून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या माँटाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ, एक अनुभवी सायकलस्वार रानवाटेच्या वळणावर वेगात असताना थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि त्या अस्वलाने त्याला मारलं. नंतर झालेल्या चौकशीत जी कारणं पुढे आली ती कोणत्याही रानाला लागू आहेत: वेग, वळण, आणि झाडीमुळे समोरचं न दिसणं.

आपल्याकडचं अस्वल ग्रिझलीइतकं मोठं नाही, पण गाठ अचानक पडली तर तेवढंच घातक ठरू शकतं. त्याची नजर अधू, नाक तीक्ष्ण. वाळवीच्या वारुळात किंवा मोहफुलांत तोंड खुपसून खात असताना त्याला आपली चाहूल लागत नाही, आणि अगदी जवळ आल्यावर कळलं की पळण्यापेक्षा ते अंगावर येणं पसंत करतं. छत्तीसगडात अशा घटना वारंवार घडतात. मोहाच्या हंगामात तर माणूस आणि अस्वल पहाटेच्या अंधारात एकाच झाडाखाली पोचतात.

म्हणून माझे नियम साधे आहेत. पूर्ण उजाडल्याशिवाय मोहाच्या झाडांजवळ जायचं नाही. वळणाआधी वेग चालण्याइतका करायचा आणि घंटी वाजवायची, बोलत राहायचं. एकटीने जायचं नाही. कानात गाणी नकोत. आणि निघण्याआधी गावात विचारायचं. गेल्या काही वर्षांत महासमुंद आणि बलौदाबाजारच्या रानात हत्तींचा वावर वाढलाय. गावकऱ्याने "हाथी हे" म्हटलं की त्या दिवशी सायकल परत फिरवायची, त्यावर चर्चा नाही.

जनावर दिसलंच पाहिजे असा हट्ट सोडला तर मुरमाचा रस्ता स्वतःच खूप काही सांगतो. पहाटेच्या धुळीत रात्रीची सगळी ये-जा उमटलेली असते. चितळाच्या खुरांच्या जोड्या, साळिंदराचा गळालेला काटा, अस्वलाच्या मागच्या पायाचा माणसाच्या पावलासारखा ठसा आणि पुढे नखांच्या खुणा. मे महिन्यातली अस्वलाची विष्ठा बघितली, काडीने उकलून, तर तिच्यात चार, तेंदू, बहाव्याच्या बिया सापडतात. बहाव्याची लांब कडक शेंग फोडून आतला गर खाणाऱ्यांत अस्वल आहे, आणि बिया दूरवर नेऊन टाकण्याचं काम तेच करतं. ज्याची आपल्याला भीती वाटते तो या रानाचा पेरणारा आहे.

चाकाखाली काय असतं

उन्हाळा हा पक्ष्यांच्या वीणीचाही काळ. राखी धनेशाची मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते, आणि नर आठवडेच्या आठवडे फळं आणून त्या फटीतून भरवतो. मेच्या सुमाराला नवरंग येतो आणि सकाळ-संध्याकाळ त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. हे पक्षी झाडांवर असतात, आपला त्यांना फारसा त्रास नाही.

त्रास होतो तो जमिनीवर घालणाऱ्यांना. टिटवी घरटं असं बांधतच नाही. मुरमाच्या मोकळ्या जागी किंचित खळगा, चार खडे, आणि त्यात साधारण चार अंडी. अंड्यांचा रंग आणि ठिपके हुबेहूब मुरमासारखे. मे महिन्यात ती जमीन तव्यासारखी तापते. अंडी शिजून जाऊ नयेत म्हणून टिटवी त्यांच्यावर सावली धरून उभी राहते, आणि पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते, ओल्या पोटाने अंडी गार करते. रातवा तर पाचोळ्यात उघड्यावर दोन अंडी घालतो आणि आपण पाऊलभर अंतरावर येईपर्यंत हलत नाही, कारण न दिसणं हाच त्याचा बचाव.

आता विचार करा, रस्ता सोडून आपण सायकल बाजूच्या मोकळ्या माळावर घातली, 'जरा मजा' म्हणून. खाली काय गेलं ते आपल्याला कळणारही नाही. म्हणून चाकोरी सोडायची नाही. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली तर ती आपल्याला हाकलते आहे. फोटोसाठी अंडी शोधत बसू नका, सरळ पुढे निघा. आपण जितका वेळ तिथे, तितका वेळ अंड्यांवर सावली नाही.

हाच हिशेब पाणवठ्याला. एप्रिल-मेमध्ये नरव्याचं पाणी तुटतं आणि इथे-तिथे डबकी उरतात. चितळाला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. ते थेट पाण्यावर येत नाही. झाडीत उभं राहतं, हुंगतं, कान फिरवतं, दोन पावलं येतं, मागे जातं. या सगळ्यात बराच वेळ जातो. आपण डबक्याकाठी बसून डबा खात असू तर ते झाडीतूनच परत फिरतं. आपल्याला वाटतं, आज काही दिसलं नाही. त्याच्या बाजूने मात्र तो दिवस कोरडा गेला. पावसाळ्यात त्याला दुसरीकडे पाणी मिळतं, मेमध्ये नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणवठ्यापाशी थांबायचं नाही, बाटल्या भरायच्या नाहीत, हात-पाय धुवायचे नाहीत. आपलं पाणी आपण घरून आणायचं.

रानात कामावर असलेली माणसं

एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. विडीचं पान. पहाटे घरातली सगळी माणसं रानात जातात, दुपारी सावलीत बसून ५०-५० पानांच्या गड्ड्या बांधतात, संध्याकाळी फडावर मोजून देतात. छत्तीसगडात १,००० गड्ड्यांचं एक मानक पोतं धरतात, म्हणजे ५०,००० पानं. २०२४ पासून त्याचा दर ५,५०० रुपये आहे. भागाकार करून पाहा: एका पानाला ११ पैसे. ४२ अंशांत, अस्वलाच्या रानात, एकेक पान खुडून. आपल्या 'उन्हाळी सहली'च्या वाटेवर समोरून डोक्यावर भारा घेऊन बाई आली तर उतरून बाजूला कोणी व्हायचं, हे वेगळं सांगायला नको.

एक कठीण मुद्दाही सांगायला हवा. मोहफुलं पाचोळ्यात पडली तर दिसत नाहीत, म्हणून पुष्कळ ठिकाणी झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग कधीकधी पसरते. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतं, म्हणजे नेमका आपण आज बोलतोय तोच काळ. त्या आगीत टिटवी-रातव्याची अंडी जातात, सालाची कोवळी रोपं जातात, आणि तेंदू-चारीचं पुढचं उत्पन्नही जातं. पण शहरातल्या माणसाने यावर तोंडसुख घेऊ नये. फुलं वेचणाऱ्या घराला ती फुलं हवीच आहेत. उपाय आहे तो झाडाखाली जाळी बांधण्याचा. फुलं जाळीवर पडतात, माती लागत नाही, स्वच्छ मालाला भाव चांगला मिळतो आणि पाचोळा जाळावा लागत नाही. छत्तीसगडात अशा जाळ्यांचा वापर सुरू झालाय. २०२१ मध्ये इथली वाळवलेली मोहफुलं फ्रान्सला निर्यात झाली होती. रान वाचवणं आणि घर चालणं एकाच जाळीत बसू शकतं, हे मला त्यातलं आशेचं वाटतं.

आपल्या बाजूने एवढंच करायचं: रानात विडी-सिगारेट नाही, चूल नाही, काचेची बाटली टाकायची नाही. कुठे धूर दिसला तर जवळच्या गावात किंवा वनरक्षकाला लगेच कळवायचं.

जायचं असेल तर

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी घड्याळाचा एक फरक ध्यानात घ्यावा. मेच्या मध्याला मुंबईत सूर्य साधारण सहाला उगवतो, इथे साडेपाचच्या आतच. म्हणजे साडेपाचला सुरुवात आणि साडेआठला सावलीत परत. नऊनंतर उन्हात पॅडल मारणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. माणशी तीन लिटर पाणी, थोडं मीठ-साखर, डोक्याला ओला पंचा. परत आल्यावर गावात कुणी बोरे बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, कांद्याबरोबर पुढे केला तर नाही म्हणू नका. इथल्या उन्हाळ्याचं ते जुनं उत्तर आहे.

दुर्बीण छोटी चालेल, पण वही हवी. आणि शेकडो झाडं नोंदवण्यापेक्षा एकच झाड निवडा. घराजवळचं असलं तरी चालेल, नागपुरातलं, इंदूरमधलं, बेळगावातलं, बडोद्यातलं. पळस, बहावा, मोह, काहीही. पहिली कळी कधी, पहिलं फूल कधी, शेवटचं पान कधी गळलं, नवी पालवी कधी, कोण कोण आलं. तारखा लिहा. पुढच्या वर्षी त्याच झाडाच्या तारखा शेजारी लिहा. पाच वर्षांनी तुमच्याकडे जी वही असेल ती कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

जूनच्या पहिल्या वळवानंतर याच मुरमावर मखमली लाल मृगाचे किडे चालताना दिसतात. रानाची पाळी तेव्हा बदलते. सालाच्या फिरक्या खाली आलेल्या असतात, टोऱ्या गोळा झालेल्या असतात, टिटवीची पिल्लं पळू लागलेली असतात. पावसात जे हिरवं होतं आणि ज्याचे फोटो आपण काढतो, त्याची सगळी तयारी उन्हाळ्यात झालेली असते.

तेव्हा पुढच्या मे महिन्यात कुणी विचारलं, "एवढ्या उन्हात काय बघायचं?" तर त्यांना साडेपाचला उठवा. बाकीचं रान सांगेल. आपण फक्त त्याच्या कामाच्या मध्ये येऊ नये.

पुढच्या भागात याच वाटेवर पावसाळ्यात जाऊ. तोवर नमस्कार.